जिवंत मासे, नग शंभर

परत येऊन पंधरा दिवस झाले. पायांवरचे काट्यांचे ओरखडे भरून आले, नाकाची सोललेली कातडी निघून नवी आली, पण राग काही उतरत नाही. स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवलं की आई बाहेरून विचारते, "अजून औरंगाबादेतच आहेस काय गो?" आहे मी अजून तिथेच. म्हणून लिहून काढते. निदान वाचणाऱ्यांना कळू दे की विहिरीत मासे सोडणं म्हणजे काय असतं, आणि ते कोण कोण कसं होऊ देत नाही.

आधी नारू म्हणजे काय ते सांगते, कारण इथे पुण्यात नारू म्हटलं की लोक भाजीतल्या अळीबद्दल बोलल्यासारखा चेहरा करतात. पायऱ्यांच्या विहिरीत, म्हणजे बारवेत, पाण्यात सुईच्या टोकाएवढे किडे असतात. त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. पाणी न गाळता प्यायलं की ती माणसाच्या अंगात जातात. वर्षभर काही कळत नाही. वर्षाने, नेमकं पेरणीच्या तोंडावर, पायाला फोड येतो, तो पाण्यात बुडाला की फुटतो आणि आतून पांढरा दोरा बाहेर येऊ लागतो. हातभर लांब. तो रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळत काढायचा. तुटला तर पाय सडतो. आणि फोड घेऊन माणूस पाणी भरायला बारवेत उतरला की नारू पुन्हा पाण्यात पिल्लं सोडतो, झालं पुढच्या वर्षाचं बी पेरून. आमच्या खात्याचं म्हणणं असं की बारवेत बारीक मासे सोडले तर ते हे किडे खातात. म्हणणं खरं आहे. त्याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. मी प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुणारी, फार तर सूक्ष्मदर्शकात बघणारी बाई. साहेबांनी एक दिवस माझं गाव विचारलं. हर्णै म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, मग झालं, तुम्हाला मासे कळतात, तुम्हीच जा. माझे वडील होडीवर होते हे खरं, पण समुद्रातली सुरमई कळते म्हणून मराठवाड्यातल्या ओढ्यातली बोटाएवढी चिंगळी जिवंत धरता येते, हे यांना कुणी सांगितलं? आमच्याकडे मासा मेला की त्याचं मोल सुरू होतं. मी जन्मात एकही मासा जिवंत ठेवण्यासाठी धरला नव्हता. पण साहेबांच्या हातात परिपत्रक होतं आणि त्यात लिहिलं होतं, "प्रत्येक बारवेसाठी जिवंत मासे, नग शंभर, स्थानिक ओढ्यांतून उपलब्ध करून घ्यावेत." टाचण्यांची डबी मागवावी तसं. मे महिन्यात ओढ्याला पाणी असतं का, हे लिहिणाऱ्याने खिडकीतून बाहेर तरी बघायचं होतं.

औरंगाबाद

औरंगाबादच्या आमच्या कचेरीत मला एक जीप, एक दुधाचा मोठा कॅन आणि रशीदभाई मिळाले. रशीदभाई म्हणजे जीपचे चालक, जुन्या शहरातले, पन्नाशीचे, पानाने ओठ लाल. जाळं कुठे आहे विचारलं तर कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, जाळं तुम्ही आणलं नाही का? आणलं होतं मी. वडिलांचं फेकजाळं पुण्याहून पिशवीत घालून आणलं होतं, पण ते बोयटं, म्हणजे खाडीतले वीतभर मासे, धरायचं. त्याच्या भोकांतून चिंगळ्या वरातीसारख्या निघून जातील हे मलाही कळत होतं. मग गुलमंडीत गेलो. कापडाच्या तीन दुकानांतून मच्छरदाणीचं कापड मागितलं. तिसऱ्या दुकानदाराने पलंग एकट्याचा की दोघांचा ते विचारलं. ओढ्याचा, म्हणून मी सांगितलं. तो हसला, पण कापड चांगलं दिलं.

दुपारी रशीदभाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका खानावळीत नान-खलिया खायला नेलं. मटणाचा तो पिवळसर रस्सा आणि बशीएवढी जाड नान. हर्णैत मटण म्हणजे शिमग्याला किंवा पाहुणा आला तर, आणि त्यातही खोबरं हवंच. इथे खोबऱ्याशिवाय एवढी चव कशी आणतात ते मी दोनदा विचारलं आणि दोनदा वाढून घेतलं. या सगळ्या दौऱ्यातली माझी रागावाचून झालेली ही एक वेळ, म्हणून लिहून ठेवते.

दौलताबादच्या पुढे

दौलताबादचा किल्ला मागे टाकून थोडं गेलं की एका बांधाखाली पाझराचं पाणी वाहत होतं. रशीदभाईंनी तिथे मासे पाहिले होते. किल्ला बघायला आलेली एक सहल झाडाखाली डबे सोडून बसली होती. त्यांच्यासमोर मी पदर खोचला आणि वडिलांचं जाळं फेकलं. हात विसरला नव्हता, जाळं गोल उघडलं. आणि खाली बाभळीच्या बुडख्यावर जाऊन बसलं. समुद्राच्या तळाला वाळू असते हो. इथे तळाला दगड, काटे, फुटकी मडकी, एक सायकलची चेन. अर्धा तास मी गुडघाभर पाण्यात जाळं सोडवत होते आणि सहलीतली मंडळी सल्ले देत होती. सुटलं तेव्हा त्याला माझं डोकं जाईल एवढं भोक होतं. वडील असते तर मला जेवायला दिलं नसतं.

मग मच्छरदाणी काढली. एक टोक माझ्याकडे, एक रशीदभाईंकडे. त्यांनी विजार गुडघ्यावर घेतली, बूट मात्र काढले नाहीत, कारण काटा लागेल. आम्ही ओढत गेलो की पुढे मासे पळायचे आणि गाळ सगळा कापडात यायचा. कापड इतकं बारीक की पाणी निथळायलाच तयार नाही, भरलेल्या गादीसारखं जड. तरी तिसऱ्या खेपेला चाळीसेक चिंगळ्या आल्या. गाळात लडबडलेल्या त्या मी बोटांनी वेचून कॅनमध्ये टाकल्या आणि विजयी मुद्रेने जीपमध्ये बसले.

घाट चढून वेरूळ मागे टाकलं, देवगाव रंगारी आलं, तिथून बैलगाडीच्या वाटेने वाडी गाठली. कॅनचं झाकण उघडलं तर सगळे मासे पोट वर करून. एकही जिवंत नाही. झाकण गच्च लावलेलं होतं. रशीदभाईंना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "सीट पे पानी गिर रहा था ना मॅडम. गाडी सरकारी है. मैं बंद कर दिया."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हर्णैच्या बंदरावर ते सगळे शब्द चालतात.

वाडी

माझा आवाज ऐकूनच भागाजी आला. सत्तरीचा, काटक, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. पोलिस ॲक्शनच्या साली त्याच्याकडे दोनशे मेंढरं होती म्हणे. आता सात शेळ्या, दोन एकर मुरमाड रान आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी. त्याने कॅनमध्ये वाकून पाहिलं, एक मासा उचलून त्याच्या अंगावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "बाई, ही शिजवायला आणली का सोडायला?"

मला वाटलं टोमणा मारतोय. तो खरंच विचारत होता. मासा दाखवून त्याने सांगितलं की कोरड्या बोटांनी धरलं की याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा जातो, मग तो पाण्यात सोडला तरी दोन दिवसांत मरतो. झाकण उघडं असतं तरी हे मेलेच असते. म्हणजे रशीदभाईंना मी जे बोलले त्यातलं निम्मं मला लागू होतं. ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

भागाजीच्या घरीच आमचा मुक्काम ठरला. घरात तो आणि त्याची सून गयाबाई. मुलगा शहरात हमालीला. गयाबाई तिशीची असेल. डावा पाय गुडघ्यात वाकलेला, सरळच होत नाही. तीन वर्षांपूर्वी नारू काढताना तुटला, आत पू झाला, गुडघा तसाच आखडला. तशीच ती पाणी भरते, खुरपायला जाते, भाकऱ्या थापते. वाडीत घरटी एक तरी पाय असा होता. पण तिचा एक पाय आधीच गेलेला, आता उजव्यात नारू आला तर ती चालणार कशी, हे भागाजीने मला दोनदा बोलून दाखवलं. वाडीला जवळचं पाणी एकच, ती बारव. माझे मासे जगले तर तिचा उरलेला पाय वाचण्याची आशा, असा हा सरळ हिशोब होता.

पण मला तो अर्धाच खरा आहे हे माहीत होतं, आणि खोटं बोलणं मला जमत नाही. रात्री जेवताना, ज्वारीची भाकरी आणि येसराची तिखट आमटी होती, मी गयाबाईला सांगून टाकलं की नारू अंगात शिरल्यावर वर्षाने बाहेर येतो. ती तव्यावर भाकरी टाकत होती.

"म्हंजे यंदा यायचा तो गेल्या साली आत गेलाय," ती म्हणाली.

हो म्हटलं. मासे सोडले तर पुढच्या वर्षीचा थांबेल. तिने भाकरी उलटली आणि मला अजून एक घ्या म्हणाली.

डोह

दुसऱ्या दिवशी उजाडताच भागाजी आम्हाला ओढ्याच्या वरच्या अंगाला घेऊन निघाला. ओढा कसला, धोंड्यांची रांग. मधे मधे एखादा डोह उरलेला, त्यात हिरवं पाणी. भागाजीच्या मते मासे दोनच डोहांत होते. पहिल्या डोहाजवळ पोचण्याआधीच धाडकन आवाज झाला आणि भागाजीने बरोबर घेतलेल्या शेळ्या उधळल्या.

जवळच्या रानात विहीर खोदणारे गडी होते. त्यांच्याकडे खडक फोडायच्या जिलेटिनच्या कांड्या. एक कांडी त्यांनी डोहात टाकली होती, जेवणाला कालवण हवं म्हणून. आम्ही गेलो तेव्हा सगळा डोह पांढरा झाला होता. हातभर मरळ, वाम, आणि अंगठ्याएवढी, नखाएवढी पोरं, ज्यांचं कालवणही होत नाही. गड्यांनी मोठे मासे पाटीत भरले, बारीक तिथेच सोडले. मला बघून त्यांच्यातल्या एकाने चार मासे पुढे केले, घ्या बाई, ताजे आहेत. समुद्रावर असं कुणी केलं असतं तर गावाने त्याची होडी ओढून किनाऱ्यावर पालथी घातली असती. मी त्यांना हे सुनावलं. त्यांनी निमूटपणे ऐकलं आणि म्हणाले, आमी काय रोज करतो का. मग रशीदभाईंनी ते चार मासे घेतले. मी त्यांच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही, पण मरळ तिखटात तळल्यावर खाल्ली, हेही कबूल करते.

उरला एक डोह. तो अर्ध्या तासाच्या वाटेवर, कड्याच्या सावलीत. तिथे भागाजीने मला माझी मच्छरदाणी उघडूच दिली नाही. म्हणाला, गाळ हलला की मासा गुदमरतो, आणि पळून पळून दमलेला मासा धरला तरी जगत नाही. निरगुडीच्या फोका आणून त्याने संध्याकाळपर्यंत तीन टोपली विणली. तोंड रुंद, आत जाताना निमुळतं होत गेलेलं, फोकांची टोकं आतल्या बाजूला वळलेली. मासा आत जातो, बाहेर येताना टोकं टोचतात. आत करडईच्या पेंडीचा गोळा. डोहात वरून पाण्याची एक बारीक धार येत होती, तिच्या खाली त्याने टोपली ठेवली, तोंड खालच्या बाजूला. मासा पाण्याच्या तोंडाकडे चढतो म्हणे. आमच्या खाडीत भरती-ओहोटी बघून अडसर लावतात, त्यातलाच हा प्रकार, पण मला आधी सुचला नव्हता. मी मासे कळणारी बाई ना.

पहिल्या दिवशी टोपल्यात एक खेकडा आणि एक पाणसाप आला. रशीदभाई त्या दिवसापासून जीपमध्येच झोपले. दुसऱ्या दिवशी पेंड सगळी विरघळून गेली आणि मासे बाहेरच खाऊन गेले. भागाजीने मग पेंड कापडात घट्ट बांधली. तिसऱ्या दिवशी पहाटे टोपली उचलली तर आत चिंगळ्यांची नुसती वळवळ.

टोपलं पाण्याबाहेर काढायचं नाही. मडकं पाण्यातच आडवं करायचं आणि टोपलं त्यात उपडं करायचं, म्हणजे माशाला हात लागत नाही. मडकं अर्धंच भरायचं, तोंड उघडं ठेवायचं, भोवती ओलं घोंगडं गुंडाळायचं. जीप नाही, पायी. चालताना पाणी डुचमळलं पाहिजे, म्हणजे माशांना हवा मिळते. वाडीतल्या चार बायका आल्या होत्या, त्यात गयाबाईही. मी तिला नको म्हटलं, एवढी वाट, तुझा पाय असा. ती म्हणाली, रोजची वाट हाय. डोहापाशी ती वरच्या धोंड्यावरच बसून राहिली, पाण्याजवळ आलीच नाही. मडकी वर दिली तेव्हा एक उचलून डोक्यावर ठेवलं आणि सगळ्यांच्या मागून चालत आली.

बारवेत उतरताना मात्र मी तिच्यावर चिडले. मडकी तासभर बारवेच्या पाण्यात तरंगत ठेवायची होती, आतलं पाणी बारवेइतकं गार होईपर्यंत. बाकीच्या तिघी खालच्या पायरीपर्यंत गेल्या. गयाबाई दोन पायऱ्या वर थांबली, मडकं माझ्याकडे करून. मी आधीच उन्हाने भाजलेली, हातात एक मडकं होतंच. मी तिच्यावर खेकसले, दोन पायऱ्या उतरलीस तर काय पाय झिजेल काय गो तुझा? तिने नुसतं मडकं पुढे धरून ठेवलं. शेवटी रशीदभाईंनी येऊन ते घेतलं.

तासाने मडकी कलती केली. मासे एकेक करून बाहेर निघाले, जरा थबकले आणि खाली हिरव्यात दिसेनासे झाले. एकही वर आला नाही. संध्याकाळी दगडाच्या फटीपाशी ते टोळकं करून फिरताना दिसले. भागाजीने हळद-कुंकू वाहिलं. आता हे बारवेचे मासे, यांना कुणी खायचं नाही. मेला तर पुरायचा. वाडीत माळकरी घरंही होती, पण या माशांना कुणी नाक मुरडलं नाही. आमच्याकडे देवळाच्या कुंडातले मासेसुद्धा लोक उगाच वजन केल्यासारखे बघतात.

साहेब

दोन दिवस मासे जगले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाया पाणी भरायला गेल्या त्या रिकाम्या घागरी घेऊन ओरडतच वर आल्या.

बारवेचं पाणी पांढुरकं झालं होतं आणि त्यावर माझ्या सगळ्या चिंगळ्या तरंगत होत्या. पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडरीचे सांडलेले पट्टे होते. वास नाकात शिरत होता. झालं होतं असं की मोठे साहेब त्या दिवशी पाहणीला येणार होते. आमच्याच खात्याचे, पण पाण्याच्या दुसऱ्या विभागाचे. त्यांच्या येण्याआधी बारवेत पावडर टाकलेली असली पाहिजे, रजिस्टरात तसा रकाना असतो. त्यांच्या माणसाने आदल्या दिवशी तिन्हीसांजेला, आम्ही जेवत असताना, येऊन महिन्याची पावडर एकदम ओतली होती. मासे सोडल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. कळवायचं कुणी, तर त्यासाठीही एक विभाग आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दहाच्या सुमाराला साहेब आले, बरोबर फोटो काढणारा. पायऱ्यांवर रुमाल नाकाला लावून उभे राहिले आणि मासे बघून आपल्या माणसाला म्हणाले, "बघा, पाणी किती खराब आहे. मासेसुद्धा जगत नाहीत. अजून एक पोतं टाकायला सांगा."

मी पुढे झाले. आठ दिवस काय झालं ते सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, वाडी सगळी काठावर जमली होती तिच्यासमोर सांगितलं. पावडर चार दिवसांत उडून जाते साहेब, मासा वर्षभर किडे खातो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मासे सोडल्याची नोंद झाली आहे का विचारलं. झाली आहे, म्हटलं.

"मग तुमचं काम पूर्ण झालं, बाई," ते म्हणाले.

जिवंत सोडले एवढाच रकाना होता. जिवंत राहिले का, हा रकानाच नाही. फोटो निघाला, जीप धूळ उडवत गेली. पावडरीचं दुसरं पोतं त्यांचा माणूस बारवेच्या काठावर ठेवून गेला, आणि ते बारवेत टाकलं अशी सही पोतं खाली ठेवण्याआधीच करून गेला.

मी घरात आले आणि कपडे पिशवीत कोंबायला लागले. कुणाकुणाचा उद्धार करत होते मला आठवत नाही. खात्याचा, साहेबांचा, परिपत्रक लिहिणाऱ्याचा, वाडीचासुद्धा, की बारवेवर एकानेही लक्ष ठेवलं नाही. नोकरीवर पाणी सोडते पण पुन्हा या भानगडीत पडत नाही, असं म्हणाले. गयाबाई दाराशी बसून ऐकत होती. माझा श्वास संपला तेव्हा तिने लुगडं घोट्यावरून वर केलं आणि उजवा पाय पुढे सरकवला. तिचा धडधाकट पाय. घोट्याच्या वर रुपयाएवढा फोड होता, टचटचीत भरलेला, भोवती लाल.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सा-सात दिस झाले. तुमी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिशी दिसला."

म्हणजे डोहावर धोंड्यावर बसली तेव्हा तो होता. मडकं डोक्यावर घेऊन एवढी वाट चालली तेव्हा होता. बारवेत दोन पायऱ्या वर थांबली आणि मी तिच्यावर खेकसले तेव्हाही होता. फोड पाण्यात बुडवायचा नाही हे मीच पहिल्या रात्री सगळ्यांना सांगितलं होतं. मला वाटलं होतं कुणी ऐकत नाही. सांगितलं का नाहीस, म्हणून मी विचारलं. सांगितलं असतं तर मला मडकं उचलू दिलं नसतं, ती म्हणाली.

"यंदाचं माझं माझ्यापाशी," ती म्हणाली. "बारवंत म्या काय सोडलं नाय. आता मासे धरा आधी. रागवायचं मग रागवा."

पुन्हा

मी पिशवी उघडली. मी काही न सांगताच रशीदभाईंनी देवगावला जाऊन कचेरीला निरोप धाडला की जीप बिघडली आहे, सुटा भाग मिळेपर्यंत येता येत नाही. दुसरं पोतं त्यांनी जीपमध्ये मागच्या सीटखाली टाकलं. रजिस्टरात ते बारवेत आहे. येताना ते आम्ही औरंगाबादेत परत जमा करायला गेलो तर घ्यायला कुणी तयार होईना, कारण कागदावर ते संपलेलं.

बायका चार दिवस लांबच्या मोटेच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. मी रोज सकाळी बारवेचं पाणी मडक्यात घेऊन त्यात दोन चिंगळ्या सोडायची. पहिल्या दिवशी घटकाभरात मेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळीही पोहत होत्या. तिकडे डोह रोज विताविताने आटत होता. भागाजीने टोपली धारेखालून काढून डोहाच्या मधोमध ठेवली, कारण धारच बंद झाली होती. शेवटी आम्ही पेंडीचा नादच सोडला आणि उरलेल्या पाण्यात मडकी आडवी करून, हात ओले ठेवून, गाळ न हलवता, सकाळभर बसून जेवढे आले तेवढे घेतले. शंभर नव्हते. पाचव्या दिवशी बारवेत मडकी तरंगत ठेवली.

गयाबाईचा फोड तोवर फुटला होता. मी घमेल्यात पाणी घेऊन, बारवेपासून लांब, अंगणात तिचा पाय त्यात ठेवायला लावला आणि दोरा काडीवर घेतला. ते पाणी तापल्या खडकावर ओतलं. दोरा रोज दोन बोटं निघायचा. ती खाटेवर बसून असायची, काडी घोट्याला फडक्याने बांधलेली, हलायची बंदी. रशीदभाईंनी शहरातून तिच्या नवऱ्याला आणलं. पेरणीला यंदा तो उभा राहणार होता.

निघायच्या दिवशी मी तिचा निरोप घ्यायला गेले. तिने पायाबद्दल काही विचारलं नाही. मासे हायती का, एवढंच विचारलं. मी बारवेवर जाऊन बघून आले, आहेत म्हणून सांगितलं. किती दिसले, कुठल्या अंगाला, खालच्या पायरीपाशी येतात का, तिने विचारलं. ते मी बघितलं नव्हतं. मी परत गेले. दगडाच्या फटीपाशी सात-आठ, आणि दोन अगदी पायरीला चिकटून. ते येऊन सांगितलं. रशीदभाई बाहेर हॉर्न वाजवत होते. तिने आणखी विचारलं, त्यातला एखादा पोटुशी दिसतो का, पोरं होतील का त्यांना. मला ते बघून कळत नाही. पण तिला बारवेत उतरता येत नव्हतं, त्यातला एकही मासा तिने अजून पाहिला नव्हता. मी चपला काढल्या आणि पुन्हा खाली उतरले.